आ कर बघू!

"काय गो, ह्या काय करतंस?"

कुंपणापलीकडून शेजारच्या काकू विचारत होत्या. मी मागच्या पायरीवर बसलेली, मांडीवर आमच्या खंड्याचं डोकं, एका हातानं त्याचा ओठ वर धरलेला आणि दुसऱ्या हातात लहान मुलांचा दात घासायचा ब्रश!

"दात घासतेय काकू."

काकू जरा वेळ नुसत्याच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचे दात घासूक आमका येळ गावणा नाय, आणि तू कुत्र्याचे घासतंस? धन्य तुझी!" संध्याकाळपर्यंत ही बातमी वाडीभर झाली. रात्री जेवताना आमच्या ह्यांनीही विचारून घेतलं, "आता त्याला टंग क्लीनर पण आणू का?"

मैत्रिणींनो, तुम्हीही हसत असाल तर हसून घ्या. पाच-सहा वर्षांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं की कुत्र्याचे दात घासायचे असतात, तर मीही हसलेच असते. हे शहरातल्या फ्लॅटमधले, गादीवर झोपणाऱ्या कुत्र्यांचे लाड, आपल्या कोकणातल्या राखणदार कुत्र्याला कसले ब्रश नि कसलं काय! पण मग आमच्या राजाचं झालं, आणि माझं हसणं बंद झालं.

राजा आमचा पहिला कुत्रा. गावठीच, तपकिरी रंगाचा, अंगानं दणकट. बागेतली वांदरं हाकलायला त्याचा फार उपयोग. ज्यांच्या नारळी-केळी आहेत त्यांना सांगायला नको, एका सकाळी वांदरांची टोळी शिरली तर कोवळ्या नारळांचं आणि केळीच्या घडांचं काय होतं ते. राजा सात वर्षांचा असताना एकदा त्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ दिसली. गांधीलमाशी चावली असणार, असं घरातल्या सगळ्यांनी एकमतानं ठरवून टाकलं. सासूबाईंनी हळदीचा लेप लावला. चार दिवसांनी गाठ फुटली, पू आला, जखम सुकली. झालं, बरं वाटलं म्हणून आम्ही विसरलो. महिन्यानं पुन्हा तीच जागा, तशीच गाठ. ह्या वेळी दवाखान्यातून गोळ्या आणल्या. आठ दिवसांत सूज उतरली. दीड महिन्यानं पुन्हा उभी!

तिसऱ्या खेपेला जे तरुण डॉक्टर भेटले त्यांनी डोळ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी राजाचा ओठ वर केला आणि मला म्हणाले, "ताई, हे बघा." वरच्या जबड्यातली मागची सगळ्यात मोठी दाढ उभी तडकलेली. आजूबाजूला पिवळा-तपकिरी चुन्यासारखा थर, हिरडी लालभडक, आणि वास तर असा, की मी तोंड फिरवलं. ह्या दाढेची मुळं थेट डोळ्याच्या खालपर्यंत जातात. मूळ सडलं की पू तिथून वाट काढतो. औषधानं सूज उतरते, पण सडलेली दाढ जागच्या जागी असते, म्हणून पुन्हा येते.

"हाडं कसली घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

रविवारच्या मटणातली नळी. दर रविवारी, न चुकता, मीच घालत होते. पोरांच्या ताटातली काढून बाजूला ठेवायचे त्याच्यासाठी!

दाढ काढायला त्याला गोव्याला न्यावं लागलं. भूल, एक्स-रे, गाडीभाडं, सगळं मिळून किती झालं ते इथे लिहीत नाही, कारण तो आकडा अजून आमच्या ह्यांच्या मनातून गेलेला नाही. पण घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी राजा उठून मुलांच्या मागे फाटकापर्यंत धावला. मला आठवेना, हा शेवटचा कधी धावला होता? गेले सहा-आठ महिने तो कोपऱ्यात पडून असायचा, वांदरं आली तरी बसल्या जागेवरून भुंकायचा. आणि आम्ही म्हणत होतो, म्हातारा झाला. म्हातारा नव्हता झाला, त्याची दाढ दुखत होती. जेवत मात्र होता रोज. कुत्रं दुखणं लपवतं आणि पोटासाठी एका बाजूनं चावून, अख्खे घास गिळून खात राहतं. आपण म्हणतो, खातोय ना, मग ठीक आहे!

मला लागलं ते हे. घरात कुत्रा आणतात मुलं, मिरवतात पुरुष, पण दोन वेळा त्याच्यापुढे भांडं सरकवणारी बहुतेक घरांत आपणच असतो. मी सात वर्षं त्याला जेवू घातलं आणि एकदाही त्याच्या तोंडात डोकावून बघितलं नाही.

कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं आपण धरून चालतो. तसं नाही. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला अन्नाचा वास येईल, पण घाण मारणार नाही. घाण वास म्हणजे हिरड्यांचा आजार सुरू झाल्याची वर्दी. आपल्याला ३२ दात, कुत्र्याला ४२. त्याच्या लाळेचा गुण वेगळा, त्यामुळे आपल्यासारखी कीड त्याच्या दातांना फारशी लागत नाही. पण त्याच लाळेमुळे दातांवरचा चिकट थर दोन-तीन दिवसांतच कडक व्हायला लागतो. सुरुवातीला तो थर बोटानंसुद्धा पुसता येतो. एकदा त्याचं किटण झालं की ब्रशनं काय, कशानंच घरी निघत नाही. मग हिरडी सुजते, दातापासून सुटते, मधल्या फटीत पू होतो, हाड झिजतं, दात हलायला लागतात. हिरडीतले जंतू रक्तातही जातात. तीन वर्षांच्या पुढच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये कमी-जास्त प्रमाणात ही सुरुवात झालेली असते, असं पशुवैद्य सांगतात. आणि आपल्याकडे घरोघरी दिसणारे ते पांढरे पॉमेरेनियन? त्यांचा जबडा एवढासा, दातांची दाटी, म्हणून त्यांच्यात हे दुखणं आणखी लवकर. त्यांचे दुधाचे सुळे कधीकधी पडतच नाहीत आणि नवे शेजारी उगवतात. पिल्लू सात महिन्यांचं झालं तरी सुळे दुहेरी दिसत असतील तर डॉक्टरांना दाखवा. दुधाचे दात २८ असतात आणि एव्हाना ते सगळे पडून गेलेले असायला हवेत.

राजा गेला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात खंड्या आला. भिजलेलं, मुठीएवढं पिल्लू. त्याला मी पहिल्यापासून सवय लावली, ती कशी ते सांगते, कारण एकदम ब्रश घेऊन मागे लागलात तर कुत्रा पळेल आणि तुम्हीही सोडून द्याल.

पहिला आठवडा नुसता लाड. कुशीत घ्यायचं, गाल कुरवाळता कुरवाळता ओठ जरासा वर करायचा, "आ कर बघू," म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पुढच्या आठवड्यात बोट कोंबडी उकडलेल्या पाण्यात बुडवून हिरडीवरून फिरवायचं. हे पाणी मीठ न घालता आणि कांदा-लसूण घालायच्या आधी काढून ठेवलेलं हवं, कारण कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. मग बोटाला जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा गुंडाळून दात पुसायचे. माझ्याकडे आईच्या नऊवारीचा तुकडा होता, त्याच्याइतकं मऊ दुसरं काही सापडणार नाही. आणि मग ब्रश. लहान मुलांचा, सगळ्यात मऊ. ब्रश हिरडीकडे जरासा तिरपा धरून छोटी छोटी गोल बोटं फिरवल्यासारखा फिरवायचा. तोंड मोठं उघडायची गरज नाही, दातांची बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ झालं, आतली बाजू त्याची जीभ बऱ्यापैकी सांभाळते. सगळ्यात महत्त्वाच्या वरच्या मागच्या दाढा. लाळेची नळी तिथेच उघडते म्हणून किटण तिथे पहिलं धरतं. त्या राहिल्या आणि पुढचे दात चकचकीत केले, तर ते पाहुण्यांसाठी फक्त बैठकीची खोली झाडल्यासारखं!

एका बाजूला अर्धा मिनिट, दुसऱ्या बाजूला अर्धा मिनिट. रोज जमलं तर उत्तम, दिवसाआड चालेल, आठवड्यातून एकदा केलं तर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण तोवर थर कडक झालेला असतो. तुळशीपाशी दिवा लावला की लगेच खंड्याचे दात, अशी मी वेळच बांधून टाकली आहे. घासून झाल्यावर लगेच काहीतरी कौतुक हवं. आमच्याकडे एक फेरी अंगणात चेंडूची. सुरुवातीला हिरडीतून थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका, हलक्या हातानं चालू ठेवा. आठवड्याभरात थांबायला हवं. नाही थांबलं तर डॉक्टर.

पेस्टचं काय? आपली पेस्ट अजिबात नको. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, सगळं गिळतो. त्यातला फेस आणि फ्लोराइड त्याच्या पोटाला चांगलं नाही. त्यातून काही पेस्टमध्ये, च्युइंगगममध्ये आणि साखरमुक्त गोळ्यांमध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. माणसाला तो चालतो, पण कुत्र्याची साखर त्यानं धाडकन खाली येते, यकृतही खराब होऊ शकतं. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते, आता कुरिअरनं मालवणातही येते. परवडली तर घ्या. नाही तर नुसत्या पाण्यानं घासा. खरं काम घासण्याचं आहे, पेस्टचं नाही.

आणि घरगुती उपाय? इथे मला जरा स्पष्ट बोलायचं आहे. राखुंडी, मीठ, खायचा सोडा, लवंगाचं तेल, काही काही नको. आणि मशेरी तर नकोच नको! सांगायचं कारण, राजाची दाढ दुखत होती तेव्हा एका आजींनी अगदी मायेनं मला सांगितलं होतं, "चिमूटभर मशेरी लाव गो, ठणको जाता." मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. त्यातलं निकोटिन कुत्र्याला विष आहे, चिमूटभरही भारी पडू शकते. मशेरीची डबी त्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका.

आता विषय निघालाच आहे तर, बायांनो, आपलंही तोंड आरशात बघा. कोकणात किती घरांतल्या बायका अजून सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात हे मी सांगायला नको. लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, डोकं चढतं, ही तंबाखूची सवय आहे, औषध नव्हे. तोंडाच्या कर्करोगाचं तर सगळ्यांना माहीत आहे. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. मशेरीसारखी न ओढायची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं जन्मताना सरासरी शंभर ग्रॅमच्या वर हलकी भरली. कुत्र्याच्या लेखात हे कुठून आलं म्हणाल, पण तोंडातून सुरू झालेलं दुखणं तोंडात थांबत नाही, हे मला राजामुळेच पहिल्यांदा कळलं.

चघळायला काय द्यायचं हा पुढचा प्रश्न. डॉक्टरांनी मला सोपी खूण सांगितली. जी वस्तू नखानं दाबली तर जराही दबत नाही, ती कुत्र्याच्या दाताला जास्त कडक. नळी, करवंटी, दगड, सगळं त्यात आलं. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाची तर अणकुचीदार कुसळं होतात, ती घशात आणि आतड्यात रुततात. आपल्या किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टी आहेत. एक, माशांचे काटे. बांगड्याचं डोकं घालायचं तर काटे काढून घाला. शिंगाळ्याचा करवतीसारखा काटा टाळ्यात आडवा बसला तर कुत्रा पंजानं तोंड ओरबाडत गोल गोल फिरतो. दुसरी गोष्ट, गळ. रापण ओढतात त्या बाजूला किंवा जेटीच्या आसपास कुत्रे फिरतात, आमिष लावलेला गळ दोरीसकट गिळतात. तोंडातून दोरी लोंबताना दिसली तर ती ओढू नका. कापूही नका. तसंच डॉक्टरांकडे घेऊन जा.

आणि ह्यापुढचं जे आहे ते कृपा करून दोनदा वाचा.

आमच्या ओळखीतल्या एका घरी दारावर येणारा एक कुत्रा होता. कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा, तसा. त्या घरातली बाई त्याला रोज भात घालायची. एक दिवस तो आला तो तोंडातून लाळ गळते आहे, खालचा जबडा लोंबतोय, पाणी पुढे ठेवलं तर गिळता येत नाही. तिला वाटलं, काटा अडकला. त्याच्या घशात हात घालून तिनं चाचपून बघितलं. काटा नव्हता. चार दिवसांनी कुत्रा मेला. सुदैवानं घरातल्या शिकलेल्या मुलीनं ऐकलं मात्र, तिला हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं आणि सगळी इंजेक्शनं पुरी करून घेतली. ती बाई आज ठणठणीत आहे.

जबडा लोंबणं, लाळ गळणं, गिळता न येणं ही पिसाळलेल्या कुत्र्याची लक्षणं असू शकतात. पिसाळलेला म्हणजे अंगावर धावून येणाराच असतो असं नाही. काही कुत्रे गप्प होतात, कोपरा धरतात, आणि त्यांच्या घशात काही अडकलं आहे असंच वाटतं. ओळखीच्या, रोज भात खाणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालणारी असते बाईच, कारण तिला दया येते. असा कुत्रा दिसला तर हात घालू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. लाळ ओरखड्याला, जखमेला, डोळ्याला लागली असेल तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, जखमेला साबणही लावा, आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना, मिरची काही भरू नका. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्या देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडात किंवा कातडीत देतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. एकदा रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून "बघू दोन दिवस" हे वाक्य इथे चालत नाही.

तेव्हा कुत्र्याचे दात घासायचे ते आपल्या घरच्या, लस दिलेल्या कुत्र्याचे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तशी पुढची आणि दर वर्षीची. शेजारच्या गोव्यानं गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लसी टोचल्या आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. बांद्याच्या पलीकडे जे जमलं ते अलीकडे का जमू नये?

आपल्या जिल्ह्यातले पशुवैद्यकीय दवाखाने मुळात गाईम्हशी, शेळ्या-कोंबड्यांसाठी आहेत, आणि ते बरोबरच आहे. पूर्वी आपल्या चाकरमान्यांचं बरं होतं, लालबाग-परळला राहायचे आणि जनावराचं काही झालं की बैलघोडा हॉस्पिटल हाकेवर! त्याच आवारात १८८६ पासून मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण इथे मालवण-देवबागकडच्या बाईनं कुत्र्याच्या दातांवरचं किटण काढायला कुठे जायचं? ते काम भूल देऊनच करावं लागतं. भूल न देता वरवर खरवडलं तर दात पांढरे दिसतात पण हिरडीखालची घाण तशीच राहते. आणि घरी सुरी-पकड घेऊन खरवडायला जाऊ नका, चावला तर त्याची चूक नाही. माझं म्हणणं एवढंच, की लसीकरणाची शिबिरं भरतात तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन देताना प्रत्येक कुत्र्याचा ओठ एकदा वर करून बघावा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस तरी दातांसाठी ठेवावा. खर्च थोडा, आणि राजासारखे सहा महिने कोपऱ्यात पडून राहणारे कितीतरी उठून उभे राहतील. महिला मंडळांनी हा अर्ज ग्रामपंचायतीत द्यायला काय हरकत आहे? हळदीकुंकवाला जमतोच आपण, तिथेच सह्या होतील.

परवा संध्याकाळी खंड्याचे दात घासत होते तर काकू पुन्हा कुंपणापाशी. ह्या वेळी त्यांच्या मागे त्यांचा टिपू. काकूंनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आमच्या नातवाचो जुनो ब्रश आसा, तो चलात काय गो?"

म्हटलं, "चलात काकू. पण मगे तो परत नातवाक देव नको!"